खडूवरची रेघ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, खोलीतल्या सोबत्यालाही नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलू लागतो — आताही तेच करतो आहे का?

सातपाटीच्या आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पहिल्या वर्षी कॉलेज सुटल्यावर पालघरच्या एका लहान फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, माल तपासायला जायचो. होडीच्या इंजिनाला पंख्याचा दांडा जोडणारी बिडाची कपलिंगं तिथे बनत. दामूदादा ती ओतायचे, मी तपासायचो. कपलिंग घासलेटात बुडवायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची पूड फासायची आणि थांबायचं. बारीक तडा असला तर आत शिरलेलं घासलेट बाहेर येतं, पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. रेघ दिसली की माल परत भट्टीत. नसली तर मी पिवळा ठिपका द्यायचो. त्या ठिपक्याचं मला केवढं कौतुक होतं!

नारळी पौर्णिमा झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या होड्या निघणार होत्या. काकाच्या होडीचं कपलिंग मोडलेलं, म्हणून तो नव्यासाठी फाउंड्रीच्या दारात येऊन बसला.

“काय मास्तर, तुजा खडू सुकला का नाय? सगल्या होड्या जातील, नि आमी काय किनाऱ्यावर नारल सोलत बसू?”

सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता खाली पाहिलं, तर — रेघ होती. केसाएवढी, पण होती.

नवीन ओतायचं म्हणजे गावात काकाची एकटी होडी मागे राहणार. ते मी त्याला सांगायचं, सगळ्यांसमोर? मी अंगठा फिरवला. पूड पुसली. ठिपका दिला.

काकाच्या मायेपोटी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. खरं होतं का ते? नव्हतं. त्याने मला मास्तर म्हणणं थांबवू नये, एवढंच हवं होतं.

कपलिंग समुद्रात फुटलं. दुसऱ्या होडीने काकाची होडी ओढून आणली. माणसं वाचली, जाळी गेली. काका तडक फाउंड्रीत आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून फाउंड्रीच्या शेठवर ओरडला, “आमच्या पोराची नजर चुकनार नाय. ओतनाऱ्याचाच हात वाईट!”

दामूदादा चिडले नाहीत. मला एवढंच विचारलं, “रेघ नव्हती ना रे?”

“नव्हती.”

“मग आत पोकळी राहिली असेल. माझ्याच साच्याची रेती ओली असेल, वाफ अडकली असेल.”

शेठने त्यांना त्याच दिवशी काढलं. निघताना ते साच्याच्या रेतीच्या ढिगापाशी वाकले. मूठभर घेतली, दाबली, मूठ उघडून बघत राहिले — किती ओली आहे ते.

मी शेजारीच उभा होतो.