कळांचं नाव घ्यायचं नाही

माझा आवाज तेव्हा असा होता, की मी बोईसरच्या बाजारात "बोंबील घ्या" म्हटलं की पुढच्या उमरोळी स्टेशनात उभी असलेली गिऱ्हाईकं पिशव्या सावरत परत फिरायची. नवऱ्याचा उजवा कान गेला तोही माझ्यामुळेच. कारखान्याच्या मशीनवर उगाच आळ आला.

अशा मला पहिल्या बाळंतपणात गप्प राहायचं होतं. आमच्या किनाऱ्यावर कळा सुरू झाल्या की त्यांचं नाव घेत नसत. नाव घेतलं की त्या बुजतात, मूल अडतं. "पाणी तापवा" एवढंच म्हणायचं. सुईण काय ते समजायची.

नवऱ्याच्या कारखान्याजवळ सरावलीच्या खोलीत राहायला आलो तिथे सुईण नव्हती, दवाखाना होता. नर्स घाटावरची, मायाळू. तिने विचारलं, "कळा येतायत का गं?"

मी सासूकडे बघितलं.

"नाय, बाय, काय नाय," सासू म्हणाली. "जरा पाणी तापवा."

"चहा हवाय का, मावशी?" नर्स हसली. "दुखायला लागलं की हाक मारा." आणि दुसऱ्या बाईकडे गेली.

मी हाक मारली नाही. खाटेची लोखंडी दांडी अशी आवळली की ती वाकली. अजून वाकडीच असेल. सासू माझा घाम पुसत होती. "गप गो बाय, गप." नर्स परत आली तेव्हा एकदम धावपळ झाली. मुलगा झाला. रडला नाही. डॉक्टर म्हणाले, "आधी सांगायचं ना." सासूने तोंडात पदर कोंबला. मला काहीच वाटलं नाही. भिंतीवर पाल होती, तिच्याकडे बघत राहिले.

पुढच्या खेपेला तोच दवाखाना, तीच नर्स. रिक्षा फाटकात थांबायच्या आत सासू ओरडली, "कळा येतात हिला! कळा!" पलीकडच्या बेटेगावची कुत्री जागी झाली असतील. मग ती फाटक धरून उभी राहिली. नाव घेऊन आपणच हे मूल अडवलं, असं तिला वाटत होतं.

मुलगी झाली. रडण्याने पत्रे हलले. तरी सासू दारातून विचारतच होती, "रडते ना गो?"

"रडते," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

माझी नजर भिंतीवर होती, मागे पाल होती तिथेच. मला अजूनही काहीच वाटत नव्हतं.