स्टिक फिरवणारा डावा हात

"हा मल्टिपल स्क्लेरोसिस आहे," पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, "पुढच्या आठवड्यात माझं विमान आहे. जाऊ ना?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेल्या आईला आजाराचं नाव कळलं नव्हतं, पण ते पेन ठेवणं कळलं.

मग त्यांनी समजावलं. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खाऊ लागते. मी मान हलवत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल चाललं होतं.

मी पनवेलजवळच्या जासई गावची. शाळेच्या मातीच्या मैदानावर हॉकी शिकले, राज्याकडून खेळले, पुढे नेदरलँड्सच्या एका क्लबने बोलावलं. मिडफील्डला खेळायचे. सुट्टीवर येण्याआधीच डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली होती. हॉकीत स्टिक फिरवतो तो डावा हात. मला वाटलं, तिकडची थंडी. तुम्हाला असं झालं तर थंडी म्हणून सोडू नका, दाखवून घ्या.

एमआरआय झाला. लंबर पंक्चर झालं, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढतात. मग स्टेरॉइडची सलाईन. आई वॉर्डात माझी वेणी घालायची. एकदा म्हणाली, "बाय, रडाचा हाय तं रड ना. आमी हाव." मला रडू येत नव्हतं. भूकही लागत नव्हती.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रिलॅप्स येऊ शकतो, म्हणजे आजार पुन्हा उसळू शकतो. खेळू नका असं मी म्हणत नाही. पूर्वीसारखं खेळाल असंही म्हणत नाही."

इंजेक्शन कायमचं लागलं. डाव्या हाताने पोटाची कातडी चिमटीत धरता येईना, म्हणून नर्सकडून आई शिकली.

बोटांत थोडी जान आल्यावर मी परत गेले. पहिल्या संघातली माझी जागा दुसरीला मिळाली होती. आता मी दुसऱ्या संघात, बचावाला खेळते.

इंजेक्शन आमची गोलकीपर देते. मैदानात माझ्यावर सगळ्यात जास्त ओरडणारी हीच. पहिल्या वेळी तिने सुई दोनदा मागे घेतली. आई व्हिडिओ कॉलवर आमच्या आगरी बोलीत सांगत होती, "दाबून नको, हलू हलू दे," आणि ती डचमध्ये हो हो म्हणत होती.

सुरुवातीला पोटाची कातडीही बधिर होती, सुई गेलेली मला जाणवायचीही नाही. हल्ली दुखते. मी ओरडते, ती घाबरून सॉरी म्हणते, आणि मला बरं वाटतं.