पृथ्वी फुटली तर चंद्राचं काय?

आमच्या बदलापूरच्या मामीला पृथ्वी फोडायची फार हौस. नात्यात तिचं नाव ब्रह्मांडमामी पडलं होतं. अंबरनाथच्या एका औषधांच्या कारखान्यात ती लॅबमध्ये अधिकारी होती, पण घरी चहाला बसली की विषय एकच: आत्ता पृथ्वी फुटली तर?

फोडायचीही निगुतीने. आवाज होणार नाही, हे आधी बजावायची, कारण अंतराळात हवाच नाही. मलंगगडाएवढे दगड, उकळता लाव्हा, गोठत जाणारे समुद्र, सगळं मुकाट्याने दूर उडणार. "आणि धक्का कमी पडला ना, तर तेच तुकडे एकमेकांना ओढून परत गोळा होतात. पुन्हा गोल," असं म्हणताना तिचेच डोळे विस्फारायचे. माझ्या अंगावर काटा यायचा. मामा निमूटपणे पोहे खायचा.

माझी आई गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. मामी मला बदलापुरात खरवईला तिच्या घरी घेऊन आली. मी जेवेना. तिने समजूत घातली नाही. ताटासमोर बसून विचारलं, "पृथ्वी नाहीशी झाली तर चंद्राचं काय होईल?"

मी म्हटलं, पडेल.

"कुठे पडणार? तो पृथ्वीच्या जोडीने सूर्याभोवतीही फिरतच असतो. दगडांचा मार खाईल, वाट जरा वाकडी होईल. पण फिरत राहील."

त्या दिवशी मी अर्धी पोळी खाल्ली.

पुढे माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात तिने उल्हासनगरहून आलेल्या मुलालाही हाच प्रश्न टाकला. पगार, फ्लॅट राहिले बाजूला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, "खरं सांगू का मामी, कधी डोक्यातच नाही आलं. तुम्हीच सांगा ना." मग तासभर पृथ्वी फुटत राहिली आणि त्याचा चहा निवून गेला. मंडळी गेल्यावर मामी म्हणाली, ऐकून घेणारा आहे, हो म्हण. मी हो म्हटलं, आणि अजून तरी पस्तावलेली नाही.

मागच्या वर्षी ती आजारी पडली. शेवटी शेवटी बोलणं फार कमी झालं होतं. एका दुपारी दवाखान्यात तिने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "चंद्राचं काय होतं गं?"

उत्तर पाठ होतं. मी तिच्या कानाशी वाकले.

"फिरत राहतो, मामी."

तिने नुसती मान हलवली. हात सोडला नाही.

परवा सकाळी खरवईच्या गच्चीवर तिच्या गोधड्या उन्हात घालत होते. निळ्या आभाळात फिकट चंद्र होता. हातातलं काम सोडून मी बघत राहिले. केवढं अफाट आहे हे सगळं, आणि तिने ते माझ्या ताटाशी आणून ठेवलं होतं.