माझ्याच मापाचा सदरा मला बसेना

मंडळी, आज दुपारी माझाच माझ्या हातावरचा भरवसा उडाला होता.

लेकीच्या लग्नासाठी स्वतःचा सदरा शिवला, नेहमीच्याच मापाने. अंगात घातला तर मागून वर उचललेला, पुढून लोंबलेला! गंगाखेडात मी शिवणकाम कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, जुने सदरे उसवून शिकलो. माझं माप चुकत नाही. म्हणून पुन्हा उसवला, पुन्हा शिवला. तरी तेच.

बायको हसायला लागली. "आवो, सदऱ्याला कशाला छळायलाव? त्यो सरळच हाय. तुमीच वाकलाव."

टेप तिच्या हातात दिला. पाठीची उंची खरंच वाढलेली, पुढची घटलेली. पोक आलेलं गिऱ्हाईक आलं की मी न बोलता मागचं कापड बोटभर वाढवतो. आज ते गिऱ्हाईक मीच होतो. पाठीत, खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधे रोज संध्याकाळी ठणकतं, त्याला मी थकवा म्हणत आलो. मशीनवर मान खाली घालून बसण्याची ती करणी होती.

मग आई आठवली. मशीन नवीन होतं तेव्हा ती मागून जाता-येता पाठीत हळूच गुद्दा घालायची. "ताठ बस की रे! मशीनीत शिरतूस का?" मी चिडायचो. ती गेली, आणि दुकानात पाठीमागून जाणारं कुणी उरलं नाही.

सदरा वाढवला नाही. स्टूल मशीनच्या जवळ ओढलंय, म्हणजे वाकावं लागणार नाही. लग्नापर्यंत पाठच सरळ करून बघतो.

तुमच्या पाठीत गुद्दा घालणारं अजून कुणी आहे का? कोण, ते खाली लिहा. वाचून बरं वाटेल.