रिकामा डबा परत करत नाहीत

मेलबर्नजवळच्या आमच्या क्लेटनमध्ये त्या वर्षांत विद्यार्थ्यांचं पीक आलं होतं. ज्याच्याकडे जादाची खोली होती त्याने ती भाड्याने दिली, ज्याच्याकडे नव्हती त्याने गॅरेजमध्ये पलंग टाकला. माझ्या वर्गातला एक मुलगा कुणाच्या तरी लाँड्रीत राहायचा आणि कपडे तरी स्वच्छ राहतात म्हणायचा. त्या मानाने मी नशीबवान. मला बाकाच्या घराची मागची खोली मिळाली. बाका म्हणजे तिच्या क्रोएशियन भाषेत आजी. तिला मूलबाळ नव्हतं, पण सगळे भाडेकरू तिला बाकाच म्हणत.

आमचं पहिलं भांडण दह्यावरून झालं. तिच्या फडताळावर एक पांढरा इनॅमलचा डबा होता, निळ्या काठाचा, वर कडी असलेला. आमच्याकडे पूर्वी दूध आणायला असायचा तसाच. मी त्यात दही विरजलं. सकाळी उठून बघते तर बाकाने ते लिंबाच्या मुळाशी ओतलेलं आणि डबा घासूनपुसून जागेवर ठेवलेला. मी बरेच दिवस फुरंगटून होते. दही फार छान लागलं असणार हो.

मग एकदा तिनेच सांगितलं. डबा तिच्या थोरल्या बहिणीचा होता. चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी बाका गावातून निघाली, तेव्हा बहिणीने त्यात उकडलेले बटाटे, अंडी आणि पाव बांधून दिला होता. ‘द्राक्षांच्या तोडणीला परत येते,’ असं सांगून बाका गेली, सीमा ओलांडून इटलीत, तिथून बोटीने थेट ऑस्ट्रेलियात. बहीण मागे राहिली, आईवडिलांचं सगळं तिने एकटीने केलं. फोन दोनदाच झाला, वडील गेले तेव्हा आणि आई गेली तेव्हा. दुसऱ्या वेळी बहीण म्हणाली, ‘आता यायची गरज नाही.’ आणि फोन ठेवला.

आता बाकाला तो डबा परत द्यायचा होता. तिचे गुडघे गेलेले, तिकडे गाडी उजव्या बाजूने चालवायची, आणि गावात बस जात नाही. माझ्याकडे लायसन्स होतं आणि युनिव्हर्सिटीला सुट्टी. चर्चमधल्या एका ओळखीच्या बाईकडून तिने बहिणीला निरोप धाडला, की सोमवारी उतरतोय. उलट निरोप आला, ‘दार होतं तिथंच आहे.’ या एका वाक्याचा बाकाने इतका कीस काढला, की माझं थीसिसचं काम त्यापुढे काहीच नव्हतं. हे आमंत्रण आहे की टोमणा? बहीण दार उघडेल की नुसतं दाखवेल?

पुण्याला आईला फोन केला. मला वाटलं होतं तसं परदेश, व्हिसा, परकी बाई यातलं तिला काहीच खटकलं नाही. ती एवढंच म्हणाली, “अगं, डबा द्यायला चाललात ना? मग रिकामा देऊ नका हो. काही नाही तर चमचाभर साखर घाला.”

मी बाकाला सांगितलं. “आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत.”

बाका उखडली. “चाळीस वर्षांनी जाऊन मी तिला शुगर देऊ? आर यू मॅड, डार्लिंग?” पण मुद्दा तिला पटला. काहीतरी घालायला हवं, आणि ते चांगलं हवं.

झाग्रेबला गाडी भाड्याने घेतली. ऑस्ट्रेलियात इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, त्या सवयीने वळायच्या आधी इंडिकेटर द्यायला गेलं की वायपर सुरू व्हायचे. लख्ख उन्हात काच पुसत आम्ही राजधानीबाहेर पडलो. बाका शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकत होती. “उजवीकडे! तुझ्या उजवीकडे नाही, त्यांच्या!” मी म्हटलं, उजवी बाजू एकच असते बाका. ती म्हणाली, क्लेटनमध्ये.

नकाशात बघितलं तर गाव अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. दुपारच्या जेवणाला पोचू असा माझा हिशेब होता. पण कार्लोवाच आलं आणि बाका म्हणाली, इथल्या नद्या तू बघायलाच हव्यास. बघितल्या. नदीकाठी कॉफी प्यायलो. दुसऱ्या दिवशी म्हणाली, प्लिटवित्सेची तळी बघितल्याशिवाय क्रोएशिया बघितला असं म्हणताच येत नाही. तीही बघितली, आणि खोटं कशाला बोलू, लाकडी फळ्यांच्या वाटेवरून पायाखाली हिरवंनिळं पाणी वाहताना मी गाव, बहीण, डबा सगळं विसरले. बाका कडेच्या बाकड्यावर बसून होती. “कॉफी पिऊ या,” म्हणाली.

मग डोंगर. वेलेबिटचा घाट चढताना गाडी मरायला टेकल्यासारखी कण्हत होती. वर धनगरासारखा दिसणारा एक माणूस मध विकत होता. मी म्हटलं, हा घे डब्यात. बाका म्हणाली, बहिणीकडे स्वतःच्या मधमाश्या आहेत, हसेल मला. घाट उतरून समुद्रावर सेन्य नावाचं गाव लागलं, तिथे असा वारा, की गाडीचं दार उघडलं ते मिटेना. बंदरावर लॅव्हेंडरच्या पिशव्या होत्या. “ते टूरिस्ट नेतात,” बाका म्हणाली. “मी टूरिस्ट आहे का?” मी तिच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

पुढे फेरीबोटीत गाडी घालून पागच्या बेटावर गेलो. झाड म्हणून नाही, नुसता दगड, मेंढ्या आणि मीठ. तिथलं चीज प्रसिद्ध. ते बाकाने चाखलं, डोळे मिटले, आणि नको म्हणाली. आईला आवडायचं, बहिणीला आठवण येईल. मला तोवर कळून चुकलं होतं, की डब्यात घालायला जगात काहीही सापडणार नाही. अर्ध्या दिवसाच्या वाटेचा असा द्राविडी प्राणायाम चालला होता, आणि ड्रायव्हर मी.

झादर ओलांडल्यावर गावाच्या नावाची पाटी आली. मी वेग कमी केला, वायपर सुरू केले, मग इंडिकेटर दिला.

“पुढे चल,” बाका म्हणाली.

“बाका, हेच ना?”

“स्प्लिट बघितलंस का तू? रोमन राजाचा राजवाडा आहे.”

मी स्प्लिटपर्यंत धुमसत गाडी हाकली. राजवाडा बघितला, राजाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण संध्याकाळी धक्क्यावर कॉफी पिताना तिच्याकडे बघितलं. कॉफी गार होत होती आणि ती मांडीवरच्या डब्याची कडी वरखाली करत होती. माझा राग कुठच्या कुठे गेला. मी म्हटलं, उद्या जाऊ. ती म्हणाली, “तिने दार नाही उघडलं तर?” मी नुसती तिच्याजवळ सरकून बसले.

उद्या म्हणजे रविवार निघाला. दुकानं सगळी बंद. गावाच्या अलीकडे मी गाडी थांबवली. बाकाच्या मांडीवर डबा, रिकामा. ती पर्स उपसून काही सापडतंय का बघू लागली, आणि माझ्यासमोर साखरेच्या पुड्यांचा ढीग पडला. बाका कॉफी कडू प्यायची. तिथे प्रत्येक कपाबरोबर साखरेच्या पुड्या येतात, आणि एवढी चांगली साखर टाकायची कशी म्हणून ती आठवडाभर त्या पर्समध्ये टाकत आली होती.

मी हसत सुटले. “आई म्हणालीच होती, साखर घाला!”

बाका आधी रागावली, मग हसली, आणि तशीच डोळे पुसत एकेक पुडी डब्यात टाकू लागली.

घर दगडी होतं, दार हिरवं, आणि ते उघडंच होतं. उंबऱ्यात बाकाच उभी असावी तशी एक बाई, दोघीही काळ्या कपड्यांत, फक्त ही जास्त वाळलेली. मिठी नाही, काही नाही. बाकाने डबा पुढे केला. बहिणीने झाकण काढलं. एक पुडी उचलली, लांब धरून वाचली. मग दुसरी. मग ती आत गेली आणि सगळा डबा टेबलावर पालथा केला. आम्ही मागोमाग, अपराधी पोरींसारख्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक पुडीवर कॉफीच्या दुकानाचं आणि गावाचं नाव छापलेलं होतं. कार्लोवाच. प्लिटवित्से. सेन्य. पाग. झादर. स्प्लिट. बहीण त्या ओळीने लावत होती, अगदी रस्त्याच्या क्रमाने. स्प्लिटपाशी तिचं बोट थांबलं. स्प्लिट गावाच्या पुढे आहे, हे तिला सांगायला कुणी नको होतं.

मग तिचा आवाज चढला. भाषा कळत नव्हती, पण मोठी बहीण रागावते तेव्हा भाषा कुठे लागते? बाका मान खाली घालून ऐकत होती. शेवटी बहिणीने चुलीकडे हात केला आणि एकदम खुर्चीत बसून रडू लागली. चुलीवर पातेलं होतं, त्यात उकडलेले बटाटे आणि अंडी.

“ती सोमवारपासून रोज करतेय,” बाका मला पुटपुटत म्हणाली. “रोज संध्याकाळी कोंबड्यांना घालते.”

एवढं सांगून ती बहिणीकडे गेली आणि तिच्या पायाशी जमिनीवरच बसली, ते गेलेले गुडघे घेऊन. बहिणीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग आम्ही बटाटे खाल्ले. मीठ कमी होतं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतले.

विमान चुकवता येत नव्हतं. एकच रात्र मिळाली, ती दोघींनी बोलण्यात घालवली आणि मी झोपण्यात. सकाळी निघताना बहिणीने डबा आणून दिला, सुक्या अंजिरांनी गच्च भरलेला. बाका नको नको म्हणत होती. बहीण तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली आणि डबा माझ्या हातात कोंबला. काय म्हणाली म्हणून मी विचारलं, पण बाका खिडकीबाहेर बघत राहिली. झाग्रेबपर्यंत तिने मला उजवी-डावी पण सांगितली नाही.

मेलबर्नच्या विमानतळावर बाहेरून आणलेलं खाणं दाखवावं लागतं, म्हणून आम्ही डबा डिक्लेअर केला. ऑफिसरने अंजिरं उलटीपालटी केली, एकात काहीतरी वळवळताना त्याला दिसलं, आणि सगळी त्याच्या पिवळ्या बिनमध्ये गेली. “सॉरी, लव्ह. डबा घेऊन जा, नो वरीज.” मला वाटलं बाका आता तिथेच बसकण मारेल. पण ती डबा काखेत मारून ताठ चालू लागली.

क्लेटनला तिने डबा धुतला. फडताळावर ठेवला नाही, टेबलावरच राहू दिला. म्हणाली, “तुझ्या आईला विचार, अंजिरं सरकारने खाल्ली तरी हिशेब तोच ना? रिकामा परत नाही करायचा?”

“तोच,” मी म्हटलं. “पण ती काय म्हणाली होती ते आता तरी सांग.”

बाकाने साखरेची बरणी उघडली आणि चमचा चमचा डब्यात घालू लागली.

“म्हणाली, डबा तूच परत आण. आणि या वेळी सरळ घरी ये.”