दार उघडं ठेवायचं वाक्य

मी इथे फारसं लिहीत नाही. आज मात्र कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

आमची मुलगी सायली या हिवाळ्यात तापाने गेली. तिने मैत्रिणीला, नेहाला, एक हिंदी कादंबरी वाचायला दिली होती. ती परत द्यायला नेहा आज दुपारी इथे उत्तरेत, आमच्या आलमबागच्या सरकारी क्वार्टरवर आली.

त्या कादंबरीतल्या छोट्या जादूगाराची वाक्यं सायलीला तोंडपाठ होती. भाजी करपली की म्हणायची, "भूखे जादूगर को राख भी मीठी." आणि घरातून निघताना, "दरवाज़ा खुला रखना, मैं अँधेरे से रास्ता पूछकर लौटूँगा."

तिची आई रोज कुरकुरायची, "अगं, आधी 'येते' म्हण."

हॉस्पिटलला निघतानाही सायली तेच वाक्य म्हणाली. त्या दिवशी आईने तिला 'येते' म्हणायला लावलं नाही.

आज नेहा उठली. "चलती हूँ, आंटी."

बायको सवयीने म्हणाली, "असं नाही बेटा, 'येते' म्हणावं."

चप्पल घालताना नेहा हळूच म्हणाली, "सायली तो कुछ और बोलती थी न, आंटी?"

बायको आत निघून गेली.

संध्याकाळी मी त्या कादंबरीचं शेवटचं पान वाचलं. तो छोटा जादूगार परत येतो. दार उघडंच असतं.

आमच्या दाराला अजून रात्री कडी लागत नाही. बायको लावू देत नाही आणि मीही आग्रह करत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरातून असं कुणी गेलं असेल, तर सांगा, तुम्ही कडी कधी लावायला लागलात?