अमानत ठेवलेलं झाकण

परळीत भाड्यानं घर बघायला गेलो तेव्हा मी फार हुशारीनं वागलो. नळ सोडून पाहिला, पंख्याची बटणं दाबून पाहिली, भिंतीला टिचक्या मारून ओल आहे का ते ऐकलं. टिचक्या मारून ओल ऐकू येत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण चेहरा असा ठेवला होता, की मालकानं मला बांधकामातला माणूस समजावं. फक्त एक गोष्ट राहिली. गच्चीवर चढून पाण्याची टाकी पाहिली नाही.

टाकीला झाकण नव्हतं.

परळीत झाकण नसणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. इथं वीजकेंद्राची राख हवेतच असते. सकाळी मोटारसायकलच्या सीटवर बोटानं स्वतःचं नाव लिहावं, पुसावं, संध्याकाळी पुन्हा लिहावं. तीच राख टाकीत उतरायची. चार दिवस मी ते पाणी प्यायलो. वरणात कचकच लागली, तर डाळ नीट निवडली नसेल, अशी स्वतःचीच समजूत घातली.

पाचव्या दिवशी बायको दिंद्रुडहून, म्हणजे तिच्या माहेराहून, पोरीला घेऊन आली. आल्या आल्या ग्लासभर पाणी काढलं आणि न पिता खिडकीत ठेवून दिलं. तासाभरानं मला हाक मारली. ग्लासाच्या बुडाशी काळा थर बसला होता.

"ह्ये काय हाय?"

"राख. थोडीशीच."

"भांडी घासायला लई चांगली हाय. पोरीला न्हाई पाजणार मी."

गच्चीवर जाऊन दोघांनी उघडी टाकी पाहिली. प्यायला जार आणू, असं मी सुचवलं. त्यावर तिनं, "आन आंघोळ? ती बी जारनंच घालता का?" एवढंच विचारलं आणि बॅगेची चेन लावली. त्या बॅगेतून अजून एक टॉवेलसुद्धा बाहेर आला नव्हता. एसटीत बसता बसता म्हणाली, "झाकण बसलं की फोटो पाठवा. तुमचा शब्द नगं, फोटो."

शाळा उघडायला दीड महिना होता. पोरीचं नाव इथल्या पहिलीत घातलेलं. दीड महिन्यात झाकण बसलं नाही, तर पोरगी दिंद्रुडच्या शाळेत बसणार आणि मी परळीत एकटा पिठलं ढवळत बसणार, हे उघड होतं.

एक झाकण, त्याला किती वेळ लागतो? मी मालकाकडं गेलो. तिथं कळलं की मालक दोन आहेत. सख्खे भाऊ. वाटणीत खालचा मजला आणि वरची गच्ची थोरल्याला गेली. मी राहत होतो त्या मधल्या दोन खोल्या आणि गच्चीवरची टाकी धाकट्याला. म्हणजे टाकी धाकट्याची, पण ती उभी थोरल्याच्या डोक्यावर. आणि सहा वर्षांपासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण जमिनीचं असेल असं तुम्हाला वाटेल. नव्हतं. धाकट्याच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत थोरल्याच्या नावापुढचा 'राव' गळाला होता. चूक छापखान्याची. पण पत्रिका तपासली कुणी? धाकट्यानं.

धाकटे मागच्या गल्लीत राहायचे. ते म्हणाले, "सर, झाकण व्हतं. वाऱ्यानं उडालं. पडलं कुठं? त्यांच्या गच्चीवर. त्यांनी ठिवून घेतलं. आता त्यांनी द्यावं."

मी खाली थोरल्यांकडं. झाकण खरंच त्यांच्या अंगणात होतं, चांगलं लोखंडी, चार विटांवर आडवं. त्यावर काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या.

"ते झाकण माझ्याकडं अमानत हाय," थोरले म्हणाले. "दुसऱ्याची चीज. आपण खाणार हाव का? त्यानं मागावं, घिऊन जावं."

मी पुन्हा मागच्या गल्लीत. "मागू? मी? माझंच झाकण मी कावून मागू?"

मग मी स्वतः नवीन झाकण आणायचं ठरवलं. धाकटे म्हणाले, माझ्या टाकीवर भाडेकरूचं झाकण नको, उद्या टाकीवर हक्क सांगाल. थोरले म्हणाले, माझ्या गच्चीवर परकी वस्तू चढणार नाही. इतकं एकमत असूनही दोघं बोलत नाहीत, याचंच मला नवल वाटलं. शेवटी गुपचूप एक जुनी चादर टाकीच्या तोंडावर सुतळीनं बांधली. रात्रीतून ती आत पडली, बुडाशी गेली आणि नळाच्या तोंडाशी जाऊन अडकली. दोन दिवस पाणीच आलं नाही. प्लंबरनं ती पिळून माझ्या हातात दिली आणि विचारलं, "सर, धुवायला टाकली व्हती का?"

त्यानंतर मी एक मोठी चूक केली.

मी मराठीचा मास्तर. नववी-दहावीच्या पोरांना संवादलेखन शिकवतो. 'दोन व्यक्तींमधील संवाद तुमच्या शब्दांत लिहा.' मला वाटलं, ह्या दोन व्यक्ती बोलत नसतील तर त्यांचा संवाद आपण लिहावा. रविवारी सकाळी थोरल्यांसमोर जाऊन बसलो आणि बेधडक सांगितलं, "धाकट्यांनी झाकण मागितलंय."

थोरले सुपारी कातरत होते. हात थांबला.

"मागितलं? काय म्हनला? त्याचे शब्द सांगा."

"म्हणाले, 'दादांना म्हणावं, झालं गेलं विसरून झाकण तेवढं द्यावं.'"

"दादांना?"

"हो."

थोरल्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "सर, त्यो बोलाया लागल्यापासून मला तात्या म्हनतो. आमच्या अख्ख्या खानदानात दादा कुणी न्हाई. आन 'झालं गेलं विसरून'? हे तर निबंधातलं दिसतंय."

आतून काकूंचं हसू ऐकू आलं. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यभर पोरांचे 'पात्राच्या तोंडी शोभत नाही' म्हणून गुण कापले, ते सगळे एकदम आठवले.

थोरले रागावले नाहीत. अंगणातल्या झाकणाकडं बघत हळू आवाजात म्हणाले, "तात्या म्हनला असता तर दिलं असतं. सा वर्सं झाली ऐकून."

मी उठलो आणि तडक मागच्या गल्लीत गेलो. थोरल्यांकडून कळण्याआधी आपणच सांगितलेलं बरं, एवढं शहाणपण शिल्लक होतं. धाकटे ओट्यावर दाढी करत होते. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस.

"मी तुमच्या नावानं थोडं खोटं बोललो," मी म्हणालो. "तुम्ही झाकण मागितलं, असं त्यांना सांगितलं."

"कवा मागितलं बे मी?" ते ओरडले, मग मी पोरांचा मास्तर आहे हे आठवून, "सर," असं मागून जोडलं. रेझर तिथंच टाकला आणि तसेच निघाले. फेसासकट. मी मागं धावतोय, गल्लीतली माणसं दारात येतायत. थोरल्यांच्या अंगणात जाऊन ते गरजले, "तात्या! मी न्हाई मागितलं झाकण! मरूस्तोर न्हाई मागणार! ह्यो मास्तर खोटारडा हाय!"

थोरले उठून उभे राहिले.

"काय म्हनलास?"

"मास्तर खोटारडा हाय."

"त्याच्या आधी."

"न्हाई मागितलं म्हनलं."

"त्याच्या बी आधी."

धाकट्यांच्या हनुवटीवरून फेसाचा थेंब शर्टावर पडला. काय निसटलं ते त्यांच्या आता ध्यानात आलं असावं, कारण ते एकदम विटांकडं बघायला लागले.

"अगं," थोरल्यांनी आत हाक मारली, "कुरडया उचल. झाकण मोकळं कर."

झाकण तिघांनी मिळून वर नेलं. मी फोटो काढला. त्यात झाकण आहे, दोन भाऊ आहेत आणि एकाचा अर्धा गाल पांढरा आहे. बायकोचं उत्तर लगेच आलं: "झाकण दिसलं. झाकणाखाली काय हाय?"

प्रश्न रास्त होता. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून मी टाकीत उतरलो. चिखल घोट्याच्या वर होता. मी बादल्या भरून द्यायचो, भाऊ वर ओढायचे आणि वरून शिकवायचे. थोरले म्हणायचे डावीकडून खरवडा, धाकटे म्हणायचे उजवीकडून. मग दोघंही म्हणायला लागले की मास्तरला खरवडताच येत नाही. मध्येच एकदम अंधार झाला.

"बसतंय का रे?"

"फिट बसतंय, तात्या!"

"अहो, मी आत आहे!" मी ओरडलो.

"म्हाईत हाय, सर. माप बघतोय."

दुसऱ्या दिवशी दोघं जोडीनं खोल्या बघायला आले. मी भिंतीत ठोकलेले खिळे त्यांनी मोजले, मोरीचा दरवाजा मी जोरात लावतो हे मला ऐकवलं आणि चहा पिऊन गेले. आधी मला अर्धा-अर्धा मालक होता. आता अख्खे दोन झाले.

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी बायको आणि पोरगी आल्या. पोरगी पळत गच्चीवर गेली. बायकोनं नळाचं पाणी ग्लासात घेतलं आणि त्याच खिडकीत ठेवलं. बॅग दाराशीच, चेन लावलेली. मी बोलायला तोंड उघडलं, तशी तिनं हात वर केला. मी कांदा चिरायला घेतला.

तासाभरानं तिनं ग्लास उजेडात धरला, खालून पाहिलं, वरून पाहिलं. एक घोट घेतला. मग बाकीचं पाणी पोरीला पाजलं आणि बॅगेची चेन उघडली.